अंडं नाही, मशीन नाही, तरी पास्ता झाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'घरच्या घरी ताजा पास्ता' हा अर्ध्या पानाचा लेख वाचला. फोटो देखणा होता. पण लेखात काही गोष्टी इतक्या ठासून सांगितल्यात की हे पत्र लिहायला बसले. अंड्याशिवाय ताजा पास्ता होतच नाही, त्याला परदेशी 'शून्य-शून्य' नंबरचंच पीठ लागतं, आणि लाटायचं मशीन नसेल तर नादी लागू नये. मशीनची किंमत दिलीय साडेआठ हजार. मी माझं पहिलं शेवयाचं मशीन जुनं घेतलं होतं, ते मोटारीसकट याच्या निम्म्यात आलं होतं.

हो, मी शेवयावाली. सेलूला राहते. गेले एकोणीस उन्हाळे होळी झाली की दाराला पाटी लावते आणि मिरग लागला की काढते. त्यामुळं पीठ, पाणी आणि जाळी या विषयात कोणी काही सांगायला लागलं तर ऐकून घेते, पण लगेच मान डोलवत नाही.

लेख आला तेव्हा लेक सुट्टीला घरी होती. ती छत्रपती संभाजीनगरला होस्टेलवर राहून शिकते, तिथं मैत्रिणी-मैत्रिणी मिळून पाकिटातला पास्ता शिजवतात. तिनं लेख मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाली, "आई, आपण करू ना." मी म्हणाले, "दिवसभर दुसरं काय करते मी?" तिला वाटलं आई चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. गव्हाचं पीठ घट्ट तिंबायचं, त्याला आकार द्यायचा आणि उकळत्या पाण्यात शिजवायचं, एवढाच जर पास्ता असेल तर त्यात शेवया बसतात, वरणात सोडलेली फळं बसतात, आणि लग्नातलं वळवट तर बसतंच बसतं. रात्री कंटाळा आला म्हणून वरणफळं टाकणारी बाई ताजा पास्ताच करत असते, फक्त ताटाचा फोटो काढत नाही.

तरी आमचा पहिला घाणा पार बिघडला, हे आधी सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, बाई नुसती फुशारकी मारते.

झालं असं, की लेकीच्या घाईपायी घरातला गहू दुपारी गिरणीवर पाठवला. पीठ आलं, मैद्याच्या चाळणीनं चाळलं, भिजवलं, झाकून ठेवलं. लाटायला घेतलं तर कडा फाटायला लागल्या. पोळी उचलली की मधूनच चिरायची. कशाबशा पट्ट्या कापून पाण्यात सोडल्या, तर दोन मिनिटांत पातेल्यात लापशी. लेक म्हणाली, "लेखातलंच पीठ पाहिजे होतं." मी उरलेलं पीठ चिमटीत घेऊन चोळलं, जिभेवर ठेवलं. जवारी! माझ्या आधी कोणीतरी जवारीचं दळण टाकलं होतं आणि जात्याच्या दगडांत राहिलेलं पीठ माझ्या गव्हात उतरलं होतं. आमच्याकडे गिरणी दिवसभर जवारीच दळते, त्यात गिरणीवाल्याचा काय दोष? जवारीत ताण धरणारं ते चिकट द्रव्य, ग्लुटेन म्हणतात ते, नसतंच. म्हणून तर भाकर थापावी लागते, लाटता येत नाही. मूठभर जवारी मिसळली तरी पोळीचा ताण जातो. लाजेची गोष्ट ही, की शेवयाचं दळण सकाळी पहिलं टाका आणि आधी किलोभर साधा गहू घालून दगड साफ करून घ्या, हे गिऱ्हाइकांना मीच एकोणीस वर्षं बजावत आलेय. तो किलोभर पोळ्यांना चालतो, वाया जात नाही.

आता पिठाबद्दल. लेखातलं ते 'शून्य-शून्य' म्हणजे काही जादू नाही. इटलीत मऊ गव्हाच्या पिठाला ते किती बारीक चाळलंय, कोंडा किती काढलाय, यावरून नंबर देतात. शून्य-शून्य सगळ्यात पांढरं, कोंडा जवळपास नसलेलं. म्हणजे आपलं सपीट. आमच्या आया सपीट कसं काढायच्या ते सांगते, कारण हल्ली कोणी करत नाही. गहू धुवायचे, निथळून ओल्या फडक्यात रात्रभर बांधून ठेवायचे, सकाळी सावलीत पसरून वरचं पाणी सुकवायचं आणि मग दळायचं. ओलवलेल्या गव्हाचं साल चिवट होतं, त्याचा भुगा न होता चपटा कोंडा निघतो आणि आतला रवा पांढरा स्वच्छ सुटतो. मग पातेल्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं मऊ कापड बांधून त्यावर पीठ हातानं फिरवायचं. खाली पडतं ते सपीट, वर राहतो तो रवा. मोठमोठ्या मैद्याच्या मिलमध्येही गव्हाला दळण्याआधी पाणी देऊन मुरवत ठेवतात, ते याच कारणानं. तेव्हा सातशे रुपये देऊन परदेशी पुडी मागवण्याआधी एवढं करून बघा. अंड्याच्या पास्त्याला साधा चांगला मैदाही चालतो.

पण बिनअंड्याच्या पास्त्याला गहूच वेगळा. लेखिकेनं अख्ख्या अर्ध्या पानात हे सांगितलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इटलीच्या उत्तरेकडं, बोलोन्याच्या बाजूला, मऊ गहू आणि अंडी. दक्षिणेकडं मात्र कडक गव्हाचा रवा आणि पाणी, बस. अंडं नाही. त्या कडक गव्हाला ते ड्युरम म्हणतात. आणि ड्युरम म्हणजे आपला बन्सी! तोच पिवळसर, काचेसारखा, दातानं फोडायला गेलं तर दात आठवणीत राहील असा. इटलीत १९६७ साली कायदाच केला की वाळवून विकायचा पास्ता ड्युरमच्याच रव्याचा पाहिजे. आमच्या सासूबाई कायदा वगैरे न करता 'शेवया बन्सीच्याच' म्हणायच्या. दोन्हीकडं कारण एकच. लोकवनचं पीठ ताणलं की रबरासारखं मागं येतं. पोळीला ते बरं, पण आकार द्यायचा असेल तर डोक्याला ताप. बन्सीचं पीठ दाबलं तसं राहतं, शिजलं तरी अंग धरून राहतं, पातेल्याच्या बुडाशी चिखल होत नाही.

अडचण बन्सी मिळण्याची. बाजारात गहू म्हटलं की लोकवन नाहीतर शरबती. पाणी आलं तशी रानातून बन्सी गेली. पूर्वी काळ्या रानात रब्बीला जवारी, करडई आणि घरापुरता बन्सी पावसाच्या ओलीवर यायचा. मी चार आडत दुकानांत विचारलं. एकानं 'बन्सी' म्हणून दाखवला तो नुसता मोठ्या दाण्याचा लोकवन होता. शेवटी वालूरकडचं एक जुनं गिऱ्हाईक कामी आलं. त्यांनी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं एमएसीएस ४०२८ हे वाण घरापुरतं पेरलं होतं. ते बन्सीतलंच, कोरडवाहू रानासाठी काढलेलं, शंभर-एकशे दोन दिवसांत येणारं, आणि त्यात प्रथिनं १४.७ टक्के. दोन पायल्या दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. त्यांच्या नातीच्या लग्नाच्या शेवया मी करून दिल्या, फिटंफाट.

दळण या वेळी सकाळी पहिलं टाकलं. रवा काढून तो परत एकदा बारीक दळून आणला. मग वजनानं निम्मं पाणी, म्हणजे अर्धा किलो रव्याला पाव लिटर कोमट पाणी. माझ्या मशीनचं पीठ याहून खूप कोरडं असतं, किलोला तीनशे ते साडेतीनशे मिलीच पाणी. मूठ आवळली की गोळा आणि सोडली की चुरा, तसं. ते जाळीतून जोरानं ढकलायचं असतं म्हणून. हातानं लाटायचं तर ओलं हवं. पहिली पाच मिनिटं वाटतं की हे कधी एक व्हायचंच नाही, पाणी घालायला हात शिवशिवतो. घालू नका. रवा पाणी सावकाश पितो. तळहाताच्या टाचेनं दहा मिनिटं तिंबलं की गोळा कानाच्या पाळीसारखा मऊ लागतो. मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास. हा अर्धा तास चुकवायचा नाही. तिंबताना पिठाला आलेला ताण तेवढ्यात सैल पडतो. पुरणपोळीची कणीक आपण तासभर मुरवतो, तेव्हा कुठं आपल्याला कोणी लेख लिहून सांगितलं होतं?

लाटायला मशीन नाही. पोळपाट छोटा म्हणून गोळ्याचे सहा भाग केले आणि पापडाचं बारीक लाटणं घेतलं. लाटून-लाटून किती लाटायचं, हा लेकीचा प्रश्न. तिनंच मोबाइलवर वाचून सांगितलं की बोलोन्यात म्हणतात, पोळीतून पलीकडचं देऊळ दिसलं पाहिजे. आमच्या खिडकीतून पलीकडं नुसती शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते. म्हणून मी तुमचाच पेपर ओट्यावर पसरला, वर स्वच्छ प्लास्टिक टाकलं आणि त्यावर पोळी ठेवली. पहिल्या दोन पोळ्यांत काहीच दिसलं नाही. तिसरीत मथळा वाचता आला. त्याखालच्या बातमीतली अक्षरं मात्र कशातूनच दिसली नाहीत. तेवढी बोलोन्याच्या बायकांची हातोटी आम्हाला नाही, कबूल.

एक गोष्ट लेखात उलटी पडलीय. कापण्याआधी पोळ्या अर्धा-पाऊण तास सुकवा म्हणतात. हे तिकडच्या हवेला ठीक. आमच्याकडे त्या दिवशी बेचाळीस होतं. मी पंख्याखाली पोळी टाकली, फोन घ्यायला आत गेले आणि आले तर कडा पापडासारख्या वाजत होत्या. मराठवाड्यात उन्हाळ्यात पाच-सात मिनिटं पुरे, तीही पंखा बंद करून. हात लावल्यावर चिकटली नाही की रवा भुरभुरायचा, सैल गुंडाळी करायची आणि सुरीनं पट्ट्या पाडायच्या. लेकीनं शंकरपाळ्याचं कातण घेतलं. त्यानं कडेला झालर आली तर तिनं त्याचेच दहा फोटो काढले.

पट्टी किती रुंद, यावरून आमच्या घरात जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. लेकीनं सांगितलं, टॅलियातेल्ले नावाच्या पट्टीची रुंदी बोलोन्यात ठरवून ठेवलीय. १९७२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये खास नोंदवली, आणि नमुना म्हणून सोन्याची पट्टी करून ठेवली. शिजल्यावर ८ मिलिमीटर. तिथल्या आझिनेल्ली नावाच्या उंच मनोऱ्याचा बरोब्बर बारा हजार दोनशे सत्तरावा भाग. हे सगळं ती मोठ्या कौतुकानं सांगत होती. सासूबाई जोत्यावर तंबाखू मळत बसल्या होत्या. त्यांना साल तेवढं ऐकू गेलं.

"बहात्तरला?"

"हो आज्जी."

"सोन्याची शेवई?"

"हो."

सासूबाईंचा हात थांबला. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचं लग्न होऊन दुसरं वर्ष होतं. खडी फोडायला जायच्या. सरकारी मिलो मिळायचा, अमेरिकेची ती लाल जवारी, आपल्याकडं जनावरांपुढं टाकावी तशी. तिच्या भाकरी थापायच्या, कामावर सुकडी मिळायची. गहू म्हणे त्या सालात सणालाही डोळ्यांनी बघितला नाही. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग ते लोक तिला काय करतेत? बघत बसतेत?" लेकीकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. मी शिलाईच्या टेपनं पट्टी मोजली, कच्ची सात भरली. शिजली की फुगते, तेव्हा आठ धरायला हरकत नाही.

सासूबाई माळकरी. त्यामुळं अंड्याचा प्रयोग परसात, पत्र्याखाली, छोट्या शेगडीवर. लेखात म्हटलंय पिठाचं आळं करून ओट्यावरच अंडी फोडा. लेकीनं तसंच केलं. आळ्याची एक बाजू ढासळली आणि पिवळं पाणी फळीवरून थेट माझ्या पायावर. अहो, आपल्या घरोघरी परात आहे! तिला काठ असतो! परातीत आळं केलं की वाहायचं ते कुठं वाहील? शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं, बाकी पाण्याचा थेंबही नको. मऊ, पिवळी, रेशमासारखी पोळी झाली, नाही कशाला म्हणू. लाटायलाही रव्यापेक्षा सोपी. पण एक धोक्याची सूचना, जी लेखात असायला हवी होती. अंड्याचा पास्ता शेवयांसारखा गच्चीवर वाळत घालायचा नाही. कच्चं अंडं तासन्‌तास उन्हात-वाऱ्यावर ठेवणं म्हणजे पोट बिघडवून घेणं. केला की शिजवायचा, फार तर फ्रिजमध्ये एक दिवस. रव्या-पाण्याचा खुशाल वाळवा.

शिजवायचं थोडक्यात सांगते. पाणी भरपूर, शंभर ग्रॅमला एक लिटर, आणि लिटरला दहा ग्रॅम मीठ. मीठ आणि पाणी दोन्ही लोक कमी घेतात. पाण्यात तेल टाकायचं नाही, तेल वर तरंगतं आणि नंतर रस पट्टीला धरत नाही. ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत होतो, पाकिटाचा दहा मिनिटं घेतो म्हणून हा घेत नाही. वेळेपेक्षा दाताचं ऐका. आणि ते पांढुरकं पाणी वाटीभर काढून ठेवा. त्यात स्टार्च उतरलेला असतो, रसात घातलं की रस मिळून येतो. आमच्याकडे शेवया उकळून निथळल्यावर ते पाणी म्हशीला जातं, म्हैस काही तक्रार करत नाही.

रसाला इटलीचं काही आणलं नाही. गावरान टमाटे, ठेचलेला लसूण, मीठ, किंचित गूळ, कारण उन्हाळ्यातला टमाटा आंबट. ऑलिव्हच्या तेलाऐवजी घाण्याचं करडईचं. याला तडजोड म्हणू नका. तिकडं शेवटी कच्चं तेल वरून सोडतात, आणि करडईचं कच्चं तेल भाकरीवर, कण्यांवर सोडून खाणं हे आमच्या हाडात आहे. परभणीच्या आमच्या कृषी विद्यापीठानं करडईचं वाणच 'परभणी कुसुम' नावानं काढलंय. लेकीनं वरून चीज किसलं. मी माझ्या ताटात शेंगदाण्याची चटणी घेतली. ह्यांनी आधी विचारलं, "भाकर नाही का?" मग तीनदा वाढून घेतलं. सासूबाईंनी टमाटा बाजूला सारला, पट्ट्या दुधात कुस्करल्या, गुळाचा खडा मागितला आणि म्हणाल्या, शेवई बरी झालीय, पण जाड काढली.

खरं म्हणजे मला पत्र लिहायला लावलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. लेकीनं त्या रात्री बारी नावाच्या गावातला व्हिडिओ दाखवला. दक्षिण इटलीत समुद्रकाठी आहे. तिथं एका अरुंद गल्लीत बायका दारात टेबल टाकून बसतात आणि रव्याच्या पिठाचे ओरेक्किएत्ते करतात. ओरेक्किएत्ते म्हणजे छोटे कान. पिठाची बोटभर जाड दोरी, तिचा सुरीनं तुकडा, सुरीच्याच पात्यानं तो ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. कटकट, कटकट, मान वर न करता. परदेशातले लोक भोवती उभे राहून शूटिंग घेतात. मी बघत राहिले, कारण ते हात माझ्या ओळखीचे होते.

माझ्या मावशीचे. लग्न ठरलं की मुहूर्त बघून बायका वळवटाला बसायच्या. चिमटीत पीठ घेऊन दोन बोटांत वळला की गव्हला, अगदी गव्हाच्या दाण्याएवढा. जरा लांब वळला की बोटवा. बारीक गोळीवर अंगठ्याचं नख दाबून ओढलं की नखुला, आत पोकळ, पाठीवर गोल. नव्या फणीवर दाबून रेघा उठवल्या की फेणुली. (इटलीत फणीवर लाटून रेघा उठवलेल्या पास्त्याला गार्गानेल्ली म्हणतात. लेकीनं दाखवला तेव्हा मी ओरडलेच.) मावशीचा गव्हला इतका एकसारखा, की खऱ्या गव्हात मिसळला तर निवडत बसावं. हे सगळं सुपात, परातीत मांडून रुखवतात जायचं आणि त्याची खीर व्हायची. माझ्या लग्नात पाच परकारचं वळवट होतं. लेकीच्या लग्नात बहुधा विकतचं येईल, तेही काचेच्या बरण्यांत, रिबीन बांधून. मावशी आता नाही. मी मशीनवाली असल्यामुळं माझी बोटं त्यात तयार झाली नाहीत, हे कबूल करायला जड जातं. त्या रात्री लेक आणि मी उरलेल्या बन्सीच्या गोळ्याचे नखुले करत बसलो. माझे शंभरात साठ जमले. तिचे जास्त जमले. तिचं नख वाढवलेलं आहे, एरवी मी त्यावरून बोलते.

लेखातला आणखी एक मुद्दा राहिला. 'पास्ता मार्को पोलोनं चीनहून आणला' असं चौकटीत छापलंय. मार्को पोलो परत आला १२९५ च्या सुमारास. त्याच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधी, ११५४ मध्ये, अल्-इद्रीसी नावाच्या अरब भूगोलकारानं सिसिलीतल्या त्राबिया गावाबद्दल लिहून ठेवलंय, की तिथं इत्रिया, म्हणजे पिठाच्या दोऱ्या, भरपूर करतात आणि जहाजं भरून बाहेर पाठवतात. हे मी ईदच्या शेवया न्यायला आलेल्या एका चाचींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "हमको तो पहलेसे मालूम था, सेवई हमारी हय." त्यावर दुसरी गिऱ्हाईक म्हणाली, आमची. मी पैसे मोजून घेतले.

जाळीचंही सांगायचं होतं. तिकडं पितळी, काशाच्या साच्यातून काढलेल्या पास्त्याला जास्त भाव, कारण त्याचं अंग खरबरीत राहतं आणि रस धरतो. गुळगुळीत टेफ्लॉनच्या साच्यातला चकाकतो पण रस घसरतो. माझ्याकडं पितळी जाळी आहे आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेली नवी प्लास्टिकची आहे. गिऱ्हाईक चकाकणारी शेवई बघून नवीच मागतं. दूध धरते ती जुन्या जाळीतली. किती वेळा सांगितलं, पण नाही.

तर संपादक साहेब, विनंती अशी. पुढच्या रविवारी चौकटीत छोटी दुरुस्ती छापा. बिनअंड्याचा ताजा पास्ता होतो आणि तो बन्सीच्या बारीक रव्याचा करावा, आणि मार्को पोलोचं काढून टाका. जमलं तर मराठवाड्यात बन्सी कोण पिकवतं, कुठल्या मोंढ्यात खात्रीचा मिळतो, हे आपल्या बातमीदारांकडून काढून घ्या. ते वाचायला पास्त्याच्या फोटोपेक्षा जास्त बायका बसतील. आणि मावशीच्या वयाच्या ज्या बाया अजून आहेत, त्यांच्याकडून वळवटाची हातोटी शिकून कोणीतरी लिहावी. लेखिकाबाईंनीच लिहिलं तरी चालेल, त्यांची भाषा गोड आहे. सेलूला आल्या तर माझ्याकडं उतराव्यात. मशीन आणू नये.

आपली,
एक शेवयावाली वाचक
सेलू, जि. परभणी

ता. क. : नाव छापू नये, गिऱ्हाईक हसेल. शिवाय पत्र टाकायच्या आतच गल्लीतल्या दोघी 'ती चपटी शेवई करून देता का' म्हणून विचारून गेल्या. म्हणून लेथवाल्याकडं पट्टीच्या भोकांची पितळी जाळी टाकलीय. त्यानं विचारलं, भोक किती रुंद? म्हटलं, आठ मिलिमीटर. तो म्हणाला, कच्ची आठ की शिजल्यावर आठ? काम थांबवून ठेवलंय. लेक होस्टेलला परत गेलीय, संध्याकाळी फोन करणार आहे.